औंढ्याला एक छोटी दुर्बीणही द्या

औंढा नागनाथच्या लायगो-इंडियाची बातमी आली की आपल्याकडे जमिनीचे भाव आणि नोकऱ्या, या दोनच गोष्टींची चर्चा होते. एप्रिल 2023 मध्ये मंजूर झालेली ही 2600 कोटींची वेधशाळा गुरुत्वीय लहरी टिपणार. आकाशातला उजेड ती पाहत नाही. तो पाहण्याची सोयही याच भागात व्हावी, असे माझे मागणे आहे.

17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी टिपल्या गेल्या आणि दोन सेकंदांच्या आत गॅमा किरणांचा स्फोट दिसला. अशा स्फोटामागे काही काळ उजेड रेंगाळतो, ती उत्तरदीप्ती. तिचे ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरी किती प्रमाणात एकाच दिशेने कंप पावतात हे मोजले, तर स्फोटातून निघालेल्या झोतातले चुंबकीय क्षेत्र शिस्तीत आहे की विस्कटलेले, याचा अंदाज येतो.

इथे उशीर करून चालत नाही. 8 मार्च 2012 च्या स्फोटानंतर ला पाल्मा बेटावरची दोन मीटरची स्वयंचलित दुर्बीण चार मिनिटांत कामाला लागली. ध्रुवण 28 टक्के भरले. पुढच्या दहा मिनिटांत ते 16 वर घसरले. 10 मे 1999 च्या स्फोटाची उत्तरदीप्ती चिलीतल्या आठ मीटरच्या दुर्बिणीने मोजली ती सुमारे 18 तासांनी; हाती आले पावणेदोन टक्के. स्फोट वेगळे, तरी वेळेचे महत्त्व लपत नाही. आणि आपल्याकडे अंधार पडतो तेव्हा ला पाल्मात दुपार असते.

लडाखमधल्या हानलेला 4500 मीटर उंचीवर ग्रोथ-इंडिया दुर्बीण असताना मराठवाड्यातल्या धुळीत दुसरी कशाला, असे कोणी म्हणेल. पावसाळ्याचे चार महिने वाया जाणार, हे मान्य. पण ध्रुवण हे गुणोत्तर आहे. एकच प्रकाश दोन किरणांत फोडून एकाच वेळी मोजला, तर पातळ ढग दोन्ही किरण सारखेच मंद करतो आणि गुणोत्तर टिकते. छोट्या दुर्बिणीला ठळक उत्तरदीप्त्याच दिसतील, त्याही पुरेत.

मूळ गॅमा झोताचे ध्रुवण तर आपण मोजतोच. 2015 साली गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील सीझेडटीआय उपकरणाने पहिल्या पाच वर्षांतल्या वीस स्फोटांचे ध्रुवण तपासले आहे. मागे उरणाऱ्या उजेडाकडेही तितकेच लक्ष हवे.

माणसे कुठून आणणार? ध्रुवण मोजणारे हात इथेच आहेत. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचा ‘पोल’, म्हणजे साखरेचे प्रमाण, काढतात तो ध्रुवणमापकानेच. आपली बी.एस्सी.ची मुले सोडियमच्या पिवळ्या दिव्यापुढे साखरेच्या पाण्याची नळी ठेवतात आणि वर्तुळाचे दोन्ही अर्धे सारखे उजळेपर्यंत चकती फिरवतात. जर्नलवर सही झाली की यंत्र कपाटात.

दुर्बीण लायगोच्या कुंपणातच हवी असे नाही. जिंतूरच्या डोंगरावरही चालेल. मात्र तिच्या रात्रपाळीत परभणी-हिंगोलीच्या महाविद्यालयांतली मुले असावीत, आणि ही अट प्रकल्पाच्या कागदावर आत्ताच यावी.

— एक वाचक, परभणी