समीकरण म्हणजे चित्र नव्हे

गेल्या महिन्यात वर्गात चाचणी घेतली. आमच्या एका मुलाला दिसत नाही. तो लॅपटॉपवर स्क्रीन रीडर लावून पेपर ऐकतो, म्हणून त्याला मी वर्डची फाईलच दिली होती. पाच मिनिटांत त्यानं हात वर केला. "मॅडम, 'खालील समीकरण सोडवा' म्हणतंय आणि पुढे नुसतं 'ग्राफिक'. ग्राफिक कसं सोडवायचं?"

वर्ग हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुन्या पेपरातल्या समीकरणाचा स्क्रीनशॉट काढून मीच तो चिकटवला होता.

स्टाफरूममध्ये सांगितलं, तर उत्तर तयार होतं: "अगं, एकासाठी सगळं टाईप करत बसणार का? आणि चित्र कुठल्याही कॉम्प्युटरवर जसंच्या तसं दिसतं. समीकरणांचा काय भरवसा?"

भीती अगदीच खोटी नाही. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून वर्डमधलं जुनं इक्वेशन एडिटर ३.० काढून टाकलं. त्यात लिहिलेली समीकरणं दिसत राहिली, पण त्यातच उघडून बदलता येईनात. पण गंमत बघा, तिथे जी अवस्था काही वर्षांनी आणि नाइलाजानं आली, ती आपण चित्र चिकटवून पहिल्याच दिवशी, स्वतःच्या हातानं ओढवून घेतो! उद्या अधिकच्या जागी वजा हवं असेल तर काय करणार? पुन्हा स्क्रीनशॉट?

बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ साली पहिल्यांदा छापलं. 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हापुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. म्हणजे ते चिन्ह मुळात क्रियापद आहे आणि समीकरण हे पूर्ण वाक्य. मराठीच्या पेपरात एखादं वाक्य आपण फोटो काढून चिकटवू का? मग गणितानंच काय घोडं मारलंय?

बरं, हे शिकायला कितीसं अवघड आहे? विंडोजवरच्या वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबा, समीकरणाची चौकट उघडते. अंश, तिरकी रेघ, छेद लिहून स्पेस दिली की अपूर्णांक आपोआप वरखाली मांडला जातो. बॅकस्लॅशला चिकटून एसक्यूआरटी लिहून स्पेस दिली की वर्गमूळाचं चिन्ह येतं. एका दुपारचं काम. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मांडणी बिघडेल असं वाटत असेल, तर छपाईसाठी पीडीएफ करा, पण मूळ फाईल जपून ठेवा.

त्या मुलाला त्या दिवशी मी समीकरण वाचून दाखवलं. त्यानं तोंडीच उत्तर दिलं, दोन आणि तीन. त्याला गणित येत होतं. लिहिता येत नव्हतं ते मला.

असो. पुढचा पेपर काढताना कात्रीच्या चिन्हाकडे हात गेला, तर एवढं आठवा.