सरकारी बिलाची तारीख कोण मोजणार?

कोल्हापूर जिल्ह्यातील आमचे अनेक व्यापारी व कारागीर बांधव सरकारी कार्यालयांना माल देतात. कोणी रुग्णालयाला चादरी पुरवितो, कोणी शाळेचे गणवेश शिवून देतो. माल वेळेवर पोचतो, पण बिलाची चौकशी करावयास गेले की ठरलेले उत्तर मिळते : "साहेबांच्या टेबलावर आहे." बिल त्या टेबलावर कोणत्या दिवशी आले, याचा कागद मात्र आपल्या हाती नसतो. सरकारी येणे बुडत नाही, असे जुने व्यापारी म्हणत. ते खरे असेल. पण येणे रखडले की भांडवल अडकते आणि गिरणीचा तकाजा थांबत नाही.

इलेक्ट्रॉनिक बिल, म्हणजे ई-इन्व्हॉइस, याकडे या दृष्टीने पाहावे असे आम्हास वाटते. जीएसटीमध्ये ही पद्धत १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांपासून सुरू झाली. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. बिल पोर्टलवर नोंदविले की त्यास ६४ अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. केवळ टीडीएससाठी जीएसटीत नोंदलेल्या सरकारी खात्यांना दिलेला मालही यात येतो, असे जुलै २०२३ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले.

परंतु ही नोंद कर खात्याकडे होते, माल घेणाऱ्या कार्यालयाकडे नव्हे. कर किती यावयाचा हे सरकारला त्याच क्षणी कळते. व्यापाऱ्याचे पैसे कधी द्यावयाचे हे कोणी सांगत नाही. एक लाखाच्या चादरी दिल्या तर ५ टक्क्यांप्रमाणे ५ हजारांचा कर, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला, पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत हिशेबात धरावा लागतो, मग बिल मिळो वा न मिळो.

असे असण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने २ मार्च २०२२ रोजी काही मंत्रालयांत ई-बिल पद्धत सुरू केली. तीत पुरवठादार बिल घरबसल्या पाठवितो, ते कोठे पोचले हे पाहू शकतो आणि जे बिल आधी आले ते आधी निकाली काढावयाचे, असा नियम आहे. डेन्मार्कने २००५ मध्येच सरकारी कार्यालयांना जाणारी बिले इलेक्ट्रॉनिक केली. महापालिका, जिल्हा परिषद, सरकारी रुग्णालये, जेथे जेथे बिल अजून फाईलमधून फिरते तेथे हीच सोय झाली पाहिजे. बिल आले त्या दिवसाची पोच आपोआप मिळावी, एवढी साधी मागणी आहे. तारीख नोंदली गेली की टेबलावरची वशिलेबाजी कमी होईल.

तारखेचे महत्त्व कायद्यातही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. व्याज घेणे ज्यांना मान्य नाही त्यांनी ते सोडावे; मुद्दल वेळेवर मागण्याचा हक्क सोडू नये.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. गणवेश शिवणारा कारागीर किंवा इचलकरंजीचा छोटा यंत्रमागधारक उत्पादक असल्याने त्यास हे संरक्षण आहे. जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली, पण केवळ बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणजे तेच कापड विकत घेऊन सरकारला पुरविणारा व्यापारी ४५ दिवसांच्या नियमाबाहेरच राहिला. हा अन्याय दूर व्हावा, यासाठी व्यापारी संघटनांनी आवाज उठविला पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेकांची उलाढाल ५ कोटींच्या आत आहे, त्यामुळे ई-इन्व्हॉइसची सक्ती नाही. म्हणून स्वस्थ बसू नये. उत्पादकांनी माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करावी. चलनावर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी परत आणू नये. बिलाची प्रत ई-मेलनेही पाठवून जपून ठेवावी. जिभेवरचा तकाजा हवेत विरतो, तारखेचा कागद मात्र बोलतो.