पोरे हावरट नाहीत

विद्यार्थी मोबाइलवर फसला, की आमच्या शहाण्यासुरत्या मंडळींचा निकाल तयारच असतो : पोरगा हावरट, नाहीतर मूर्ख. इतका सोयीचा आणि इतका खोटा निकाल दुसरा नसेल!

भिवंडीजवळचे दापोडेच घ्या. भातखाचरांच्या या मुलखात आज गोदामांची छपरे पसरली आहेत. 'गोदामात पॅकिंगला मुले हवीत, सोबतचा फॉर्म भरा, नोंदणीचे थोडे पैसे पाठवा', असा निरोप इथल्या कॉलेजकुमाराला व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर त्याने तो खोटा कशावरून मानावा? ठेकेदाराकडचे खरे कामही पुष्कळदा अशाच निरोपाने मिळते. त्यावरही सही-शिक्का नसतो. चोराने सोंग घेतले ते आमच्याच गबाळ्या कारभाराचे.

२०२० च्या टाळेबंदीत 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत सरकारने रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडला. त्या वेळी ते योग्यच होते. पण आलेली लिंक मुकाट्याने दाबणे म्हणजे आज्ञापालन, ही सवय तिथे लागली ती लागलीच. आजही परीक्षेचा अर्ज, फी, शिष्यवृत्तीची मुदत सारे याच वाटेने येते, आणि तेही 'आज शेवटची तारीख' असा धाक घालून! उलट प्रश्न विचारणारा आमच्या लेखी उद्धट. मग चोर गुरुजींच्याच आवाजात बोलला, की सर्वांत आधी गुणी पोर बळी जाते.

आणि ज्यात लोभ औषधालाही नाही, अशा फसवणुकीचे काय? मित्राच्या खात्यावरून निरोप येतो : 'माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव.' मित्राचे खाते आधीच चोराच्या हाती गेलेले असते. हा कोड असतो स्वतःच्या खात्याची किल्ली. पोराने दिली ती मैत्रीखातर.

यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, फक्त देताना लागतो. हे वाक्य किती वर्गांत फळ्यावर लिहिले गेले? १९३० या तक्रार क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची आशा असते. पण पोर फोन करीत नाही. बापाच्या शिव्यांना भिऊन दोन दिवस गप्प बसते. तेवढे चोराला पुरतात.

तेव्हा व्याख्याने पुरेत. कॉलेजांनी आधी स्वतःच्या लिंका पाठवणे थांबवावे, आणि पैशाची प्रत्येक सूचना प्राचार्यांच्या सहीने फळ्यावर लावावी.