परिचारिकेची गोळी आणि रुग्णाची सुरक्षितता

आगगाडीचा चालक कामावर रुजू होतो तेव्हा त्याच्या श्वासाची तपासणी होते. वैमानिकाने सर्दीची साधी गोळीदेखील वैद्यकीय सल्ल्याविना घेऊन विमान चालवू नये, असा दंडक आहे. ज्यांच्या हाती इतरांचे प्राण असतात, त्यांची शुद्ध पूर्ण असली पाहिजे, हे तत्त्व तेथे समाजाने मान्य केले आहे. रात्रपाळीत एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. आणि विचारला गेला, तर तो संशयाच्या सुरात विचारला जातो.

हा प्रश्न व्यसनाचा नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. रुग्णालयाच्या कपाटातील मॉर्फिन चोरणे हा गुन्हा आहे आणि त्याचा विचार निराळा करावा लागेल. येथे प्रश्न आहे तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून रीतसर घेतलेल्या औषधांचा. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल, नसांच्या दुखण्यासाठी प्रिगॅबालिन, झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, अपस्मारावरील गोळ्या, अशी ही यादी आहे. रुग्णांना उचलून उचलून जिची कंबर धरली आहे आणि पाळ्यांच्या अदलाबदलीत जिची झोप उडाली आहे, तिला यांपैकी एखादे औषध लागावे, यात नवल नाही. पुष्कळदा हे दुखणे तिला तिच्या कामानेच दिलेले असते.

परंतु या औषधांनी गुंगी येऊ शकते, हेही तितकेच खरे. डायझेपामचा अंश शरीरात एका दिवसाहून अधिक काळ टिकतो. रात्री घेतलेली गोळी सकाळच्या पाळीत पुरती उतरलेली नसते. परिचारिकेच्या कामात तर क्षणभराच्या अनवधानालाही जागा नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. त्यांच्या सिरिंज वेगवेगळ्या असतात. ४० ची सिरिंज घेऊन १०० चे इन्सुलिन नेहमीच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. जडावलेल्या डोळ्यांना ही चूक सहज होऊ शकते, आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

मग अशी औषधे घेणाऱ्या परिचारिकांना कामावर येण्याचीच मनाई करावी काय? हा उपाय सोपा दिसतो, पण तो फसवा आहे. माणसे नियमाचा मजकूर पाहून वागत नाहीत, नियम पाळण्याची किंमत पाहून वागतात. कंत्राटी परिचारिकेने आपण गुंगीचे औषध घेतो असे सांगितले, तर तिचा पगार कापला जाण्याची आणि पुढे कंत्राटाचे नूतनीकरण न होण्याची भीती तिला असते. अशा वेळी तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, औषध घेऊन गप्प राहणे. दुसरा, औषध सोडून देणे. झोपेची गोळी दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबवली तर अस्वस्थता वाढते, क्वचित झटकेही येतात. अपस्माराचे औषध सोडणे तर उघडउघड धोक्याचे. म्हणजे मनाईच्या नियमाने वॉर्डातला धोका टळत नाही. तो कोठे आहे याची माहिती तेवढी नाहीशी होते.

अमेरिकेत १९९० च्या अपंग नागरिकांविषयीच्या कायद्याने या बाबतीत एक मर्यादा घातली. कोणती औषधे घेता, असे मालकाने सरसकट साऱ्या कामगारांना विचारता येत नाही. मात्र ज्या कामात लोकांच्या सुरक्षिततेला प्रत्यक्ष धोका पोहोचू शकतो, तेथे काम करण्याच्या क्षमतेवर परिणाम करणाऱ्या औषधाची माहिती मागता येते, असे २००० सालच्या तेथील मार्गदर्शनात म्हटले आहे. त्यातील कसोटी घेण्याजोगी आहे: औषधाचे नाव गौण, काम नीट करता येते की नाही हे मुख्य.

हीच कसोटी आपल्याकडे लावायची तर माहिती व्यवस्थापनाकडे न जाता रुग्णालयाने नेमलेल्या एका डॉक्टराकडे जावी. त्याने दिलेल्या दाखल्यात रोगाचे वा औषधाचे नाव नसावे. कोणते काम किती तारखेपर्यंत देऊ नये, एवढेच असावे. औषध नव्याने सुरू होते किंवा त्याची मात्रा बदलते, तेव्हाचे दिवस अधिक जोखमीचे असतात. त्या दिवसांत परिचारिकेला इंजेक्शने व अतिदक्षता विभाग यांपासून दूर ठेवून नोंदींचे किंवा तत्सम काम द्यावे, आणि वेतनात एक पैसाही कपात करू नये. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरनेही तिचा व्यवसाय आणि पाळी विचारावी. सर्दीवर कमी गुंगी आणणारी औषधे उपलब्ध आहेत.

या सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, असा आक्षेप येईल. थोडाफार घेतला जाईलही. परंतु मुदतबंद दाखल्याने त्याला आळा घालता येतो, आणि हलके काम मागणाऱ्या दोघीचौघींचा खर्च एका चुकलेल्या मात्रेपेक्षा कमीच भरतो.

खरी अडचण निराळी आहे. बदली परिचारिका नसेल तर हे सारे व्यर्थ. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी; शिवाय रजेच्या बदलीसाठी ३० टक्के जादा. ही राखीव संख्या हा उधळपट्टीचा नव्हे, सुरक्षिततेचा खर्च आहे. तो वाचवायचा आणि मग परिचारिकेला दुहेरी ड्यूटी करायला लावायची, ही रीत बरी नव्हे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी घसरते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. आपला मोटार वाहन कायदा चालकाला ०.०३ टक्क्यांपलीकडे सूट देत नाही. गोळीची चौकशी करणाऱ्या व्यवस्थापनाने आधी आपल्या ड्यूटीच्या तक्त्याची चौकशी करावी.

वेतनाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये मासिक वेतन असावे, अशी शिफारस केली. तिचा सर्वत्र अंमल झालेला नाही. महिन्याचा खर्च भागत नसेल, तर आजाराची रजा ही चैन ठरते.

२०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्या यांसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा केला. शिक्षण आणि नोंदणी यांचे नियम ठरवताना या आयोगाने आणि राज्यांनी कामावरील औषधांविषयीही एक स्पष्ट नियम करावा. त्यात परिचारिकेवरील बंधन असावे, तसे रुग्णालयावरील बंधनही असावे. खरे सांगितल्याने नोकरी जाणार नाही, एवढी हमी मिळाली तर बहुसंख्य परिचारिका खरे सांगतील, आणि त्यात पहिला लाभ रुग्णाचा आहे.