व्याख्यानास शेतकऱ्यानें कां जावें?

सुगी आटोपली कीं व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. यंदा आमच्या जिल्ह्यांत तालुक्याच्या ठिकाणीं राष्ट्राचें संरक्षण व जगाचें राजकारण या विषयांवर व्याख्यानें व्हावयाचीं आहेत. निवृत्त लष्करी अधिकारी आणि परदेशी वकिलातींत नोकरी केलेले गृहस्थ बोलणार आहेत. पण विषयाचें नांव ऐकतांच आमचा कुणबी, सुतार, कुंभार बंधु म्हणतो, "तें थोरामोठ्यांचें काम, आपल्याला त्यांतलें काय कळणार?" बाबांनो, हें बोलणें आतां सोडा.

सरहद्दीवर कोणाचीं पोरें उभीं आहेत? सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या एका गांवानें पहिल्या महायुद्धांत ४६ जवान गमावले. युद्ध करावें कीं न करावें हें त्या घरांस कोणीं विचारलें नव्हतें. तेव्हां राज्य परक्यांचें होतें. आतां तें आपलें आहे, मग विचारावयास लाज कसली? १४ जून २०२२ रोजीं सरकारनें अग्निपथ योजना जाहीर केली. त्या वेळच्या अटींप्रमाणें भरती झालेल्या पोराची नोकरी चार वर्षांची, पुढें शंभरांतले फार तर पंचवीस कायम. बाकीच्यांस एकरकमी निधि, पेन्शन नाहीं. यांत फौजेचें हित किती व घराचें किती, हें ज्या माउलीनें पोर धाडलें तिनें विचारूं नये तर कोणीं?

बाजाराचीही तीच गत. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि आमच्या चुलीवरचें सूर्यफुलाचें तेल महागलें, कारण तें बरेंचसें तिकडून येई. उसाला घालावयाचें पोटॅश बहुतेक सारें परदेशचें. कांद्याची निर्यात ८ डिसेंबर २०२३ रोजीं बंद झाली. ४ मे २०२४ रोजीं उघडली ती टनामागें ५५० डॉलर किमान भाव व शेंकडा ४० जकात लादून, आणि जकात साफ उठावयास १ एप्रिल २०२५ उजाडला. लासलगांवच्या आवारांत कांद्याच्या गाड्या घेऊन उभे राहणारांस जगाचें राजकारण म्हणजे काय हें निराळें शिकवावयास नको.

चालकांसही दोन शब्द. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. त्याचे जलसेवाले पुढें गांवच्या चावडीपुढें उभे राहिले व तमाशाच्या ढंगानें, आमच्याच बोलींत बोलले, म्हणून तें ज्ञान झोंपडींत शिरलें. तुम्ही मात्र सभा भरवितां ऐन धारा काढावयाच्या वेळीं, पुढच्या खुर्च्या राखतां पाहुण्यांसाठीं, आणि प्रश्नांची वेळ आली कीं आभार मानून मोकळे होतां! निम्मा वेळ प्रश्नांस द्या, बायांस पुढें बसवा, आणि एक तरी व्याख्यान वाडीवस्तीवर होऊं द्या.

वक्तेही सारखे नसतात. कोणी शत्रूच्या नांवानें आरोळी ठोकून टाळ्या घेतो व निघून जातो. अशास शांतपणें विचारावें कीं महाराज, आकडा काय, खर्च कोणावर, आणि चार वर्षांनीं परतलेल्या पोरानें करावें काय?

आमच्या वाचकांनीं काय विचारलें व काय उत्तर मिळालें तें एका कार्डावर लिहून धाडावें. शुद्धलेखनाची काळजी करूं नये. तें आम्ही पाहूं. उत्तर मिळालें नाहीं तर तसेंही कळवावें, तेंही छापूं.