गणकयंत्राची मात्रा

मिनिटाला 120 ठोके, म्हणजे दोन ठोक्यांत 500 मिलिसेकंदांचे अंतर. मेल्त्सेलने 1815 साली पेटंट घेतलेल्या मेट्रोनोमचे हे काम गणकयंत्राला शिकविणे वरकरणी पोरखेळ वाटते. पायथॉनमध्ये ‘स्लीप’ला 0.5 सांगावे, कारण तेथील हिशेब सेकंदांचा. जावास्क्रिप्टच्या ‘सेटइंटर्व्हल’ला 500. जुन्या बेसिकमध्ये रिकामी आवर्तने मोजून वेळ काढीत. यंत्र वेगवान मिळाले की लय आपोआप द्रुत!

खरी मेख निराळीच आहे. ठोका वाजविण्यातही वेळ जातो. तो 5 मिलिसेकंद धरला आणि पायथॉनमध्ये त्यानंतर पुन्हा पुरते 500 थांबलो, तर मिनिटाअखेर 600 मिलिसेकंदांची तूट येते. कानाला ती कळत नाही. तबल्याच्या साथीवाचून घरी रियाज करणाऱ्या मुलांची लय मात्र नकळत उतरते. दोष भाषेचा नव्हे, मांडणीचा. आरंभाची वेळ टिपून प्रत्येक ठोक्याची जागा तिच्यापासूनच मोजावी आणि उरेल तेवढेच थांबावे. तबलजीचे लक्ष समेवर असते, तसेच हे. विद्यार्थ्यांनी दोन्ही रीतींनी लिहून घड्याळ लावून पाहावे: दहा मिनिटांत 1200 ठोके भरावयास हवेत, पहिल्या रीतीत सुमारे 12 कमी भरतील.