काच स्वच्छ झाली, पण...

मंडळी, आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. विषय आहे एका माशाचा.

पुण्याला माझ्या नातवाकडे खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आहे. खडक, मऊ प्रवाळ, वर निळसर दिवे. मागच्या वर्षी काचेवर शेवाळ फार माजलं, म्हणून त्यानं एक ब्लेनी आणला. ह्या जातीला इंग्रजीत 'लॉनमोअर' म्हणतात, म्हणजे गवत कापायचं यंत्र! तीन महिन्यांत काच लख्ख. मी गेलो तेव्हा तोंडभर कौतुक केलं. पुढच्याच महिन्यात मासा मेला. पोट पार खपाटीला गेलेलं. शेवाळ संपलं तसं त्याचं जेवण संपलं होतं, आणि आम्ही सगळे काच बघत बसलो होतो.

मला तेव्हापासून वाटतं, चूक त्या नावापासूनच सुरू होते. यंत्राला कुणी जेवायला घालत नाही.

आता नातवाला दुसरा ब्लेनी आणायचाय. त्यानं मला पुस्तकं दिली, मीही मास्तरकीच्या सवयीनं टिपणं काढली. पहिली गोष्ट, सगळे ब्लेनी शेवाळ खात नाहीत. मिडास ब्लेनी पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपतो. दुसरा एक क्लीनर रॅस माशाचं सोंग घेतो आणि जवळ आलेल्या माशांचे पर कुरतडतो. तो तर नकोच. दुकानात मासा घेताना त्याचं पोट बघावं. खपाटीला गेलेलं असेल तर घेऊ नये. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगावं. पेटी निदान शंभर-सव्वाशे लिटरची, काही महिने मुरलेली आणि वरून झाकलेली हवी, कारण हा उडी मारतो.

खायला वाळवलेल्या समुद्रशेवाळाची बिनमिठाची, बिनतेलाची पानं, ज्यांना जपानी लोक नोरी म्हणतात, ती दगडाला बांधून द्यावीत. स्पिरुलिनाच्या बुडणाऱ्या गोळ्याही चालतात. सुरुवातीला तो ह्याला अन्न म्हणून ओळखतच नाही, धीर धरावा लागतो. आणि पेटीची एक बाजू मुद्दाम न पुसता त्याच्यासाठी ठेवावी. काच थोडी हिरवी दिसली तर बिघडलं कुठं?

नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या भाट्यातले पकडून आणू का?" झरी विनायकाच्या पुढच्या कातळावर, ओहोटीला डबक्याडबक्यांतून टणाटण उड्या मारणारे काळपट मासे असतात, ते ह्याच कुळातले. (खाडीच्या चिखलातली निवटी वेगळी बरं का!) मी नाही म्हटलं. लाटेच्या फेसात निम्मा वेळ पाण्याबाहेर काढणारा जीव पेटीत काय करणार? आणि प्रवाळाचा तुकडा उचलाल तर वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येईल.

शाळेत असताना मी मुलांना रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय दाखवायला न्यायचो. १९५८ सालचं हे केंद्र आता कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. प्रत्येक काचेपुढे पोरं एकच विचारायची, "गुरुजी, हा काय खातो?" हा काय कामाचा, असं एकानंही कधी विचारलं नाही. मला त्या प्रश्नाचं मोल आत्ता कळतंय.

निवृत्त होऊन मलाही बरीच वर्षं झाली. काम संपलं म्हणून भूक संपत नाही, हे मी अनुभवानं सांगू शकतो. असो.

नातवाला मी एकच अट घातलीय. आधी महिनाभराचं खाणं घरात आणून ठेव, मग मासा आण. तुमच्याकडे मत्स्यपेटी असेल तर तुम्हीही जरा बघा... काच नव्हे, पोट.